आई-बाबांचं वजन उतरतंय आणि स्वभावही बदललाय: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर इथल्या घरांतून, आणि इंदूरला एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या काळजीत असलेल्या पुण्या-बंगळुरूच्या मुलामुलींकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण लिहितात तेव्हा 'आई फार वाळली' हे पहिल्या ओळीत असतं आणि 'हल्ली चिडचिड करते' हे शेवटी, जाता जाता. डॉक्टरांसमोरही तसंच होतं: फिजिशियनला फक्त वजन सांगितलं जातं आणि मानसोपचारतज्ज्ञांना फक्त स्वभाव. आमचं कळकळीचं सांगणं आहे की दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, तारखांसकट लिहा. आधी काय सुरू झालं, वजन उतरणं की स्वभाव बदलणं, यावरून अर्धं निदान पुढे सरकतं.

बदल गेल्या काही तासांतला किंवा दिवसांतला असेल तर आधी प्रश्न ३ वाचा. बाकीचं नंतर.

१. वय झालं की वजन थोडं उतरतंच ना? किती उतरलं तर काळजी करायची?

म्हातारपणी स्नायू कमी होतात हे खरं, पण त्याने वजन वर्षाला काही शे ग्रॅमच हलतं. मुद्दाम प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्के किंवा जास्त वजन कमी झालं, तर कारण शोधायलाच हवं. ६० किलोच्या माणसासाठी हे ३ किलो होतात. मुळात ४८ किलोच असलेल्या आजींसाठी अडीच किलोसुद्धा पुरे. सहा महिन्यांत १० टक्के उतरलं असेल तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, याच आठवड्यात दाखवा.

'शुगर आहे म्हणून खाणं कमी केलंय' हे कारण घरात चटकन मान्य होतं. ते खरं असेल तर खाणं पूर्ववत केल्यावर तीन-चार आठवड्यांत वजन थांबायला हवं. तरीही ते उतरत राहिलं तर कारण वेगळं आहे.

२. जुन्या वजनाची नोंदच नाही. किती उतरलं हे कसं कळणार?

घरात शोधलं तर नोंद सापडते. बीपी-शुगरच्या जुन्या चिठ्ठ्या, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, विम्याची वैद्यकीय तपासणी यांत वजन लिहिलेलं असतं. तेही नसेल तर वस्तू बोलतात. पट्ट्याला नवं भोक पाडलंय का? ब्लाऊजला आतून टीप मारलीय का? अंगठीला दोरा गुंडाळलाय का? मनगटावर घट्ट बसणारी बांगडी आता कोपराकडे सरकते का? कवळी सैल होऊन बोलताना हलते का? लागोपाठच्या दोन गणपतींतले फोटो शेजारी ठेवून पाहा. कानशिलं आणि गळ्याजवळची हाडं फोटोत लगेच दिसतात.

आजपासून मात्र नीट नोंद ठेवा. एकच काटा, कठीण फरशीवर (सतरंजीवर ठेवलेला काटा चुकतो), सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत, आठवड्यातून एकदा. रोज वजन करू नका. एक किलोचा चढउतार पाण्याचा असतो, आणि रोजच्या आकड्याने घरातली धास्ती वाढते.

टेपने पोटरीचा सर्वांत जाड भागही मोजा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू झडल्याची शंका घ्या. पायांवर सूज असेल तर पोटरी आणि काटा दोन्ही फसवतात: आतलं मांस कमी होतं आणि पाणी ते झाकतं. बोटाने नडगी दाबून खळगा पडतो का ते पाहा आणि तेही लिहून ठेवा.

३. बाबा परवापर्यंत बरे होते. दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतात, रात्री उठून कपाट उपसतात, दिवसा झोपून असतात. डिमेन्शिया सुरू झाला का?

डिमेन्शिया दोन दिवसांत येत नाही. तासांत किंवा दिवसांत आलेला आणि दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ म्हणजे डेलिरियम, आणि ती तातडीची बाब आहे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, जुना मलावरोध, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर फार खाली-वर जाणं, नवी औषधं ही नेहमीची कारणं. म्हातारपणी न्यूमोनियातही ताप किंवा खोकला नसू शकतो. वागणं बदलतं, एवढंच दिसतं.

त्याच दिवशी रुग्णालयात न्या. गाडीची सोय नसेल तर १०८. घरात ग्लुकोमीटर असेल तर निघण्याआधी साखर पाहा. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत घ्या. त्यांच्याशिवाय गोंधळ आणखी वाढतो. 'शांत झोप लागावी' म्हणून घरातली झोपेची गोळी देऊ नका.

एक वेगळी परिस्थिती: महिना-दीड महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले होते, तेव्हा काही झालं नाही, आणि आता हळूहळू सुस्ती, डोकेदुखी, चालताना तोल जाणं, तुसडेपणा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं, विशेषतः अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर. डोक्याच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये ते सहसा दिसतं. पडल्याची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. 'किरकोळ होतं' म्हणून ती वगळली जाते आणि निदान लांबतं.

४. आई आधीपासूनच तापट. मग 'स्वभाव बदलला' हे कशावरून ठरवायचं?

तुलना इतरांशी नाही, तिच्याच पाच वर्षांपूर्वीच्या रूपाशी करायची. तापट आई आणखी तापट झाली, यापेक्षा तापट आई गप्प झाली हा मोठा बदल आहे. हिशेबाला पक्के असलेले बाबा वीजबिल दोनदा भरतात, सवाष्ण जेवायला बोलवणारी आई दार उघडायला कंटाळते, संकोची माणूस चारचौघांत अचकट बोलतो, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना दरवर्षी हट्टाने जाणारे 'काय ठेवलंय तिथे' म्हणतात.

कागदावर विशेषणं लिहू नका, प्रसंग लिहा. 'चिडखोर झाली' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. '१२ तारखेला कुकरच्या शिट्टीवरून ताट भिरकावलं, अर्ध्या तासाने आठवत नव्हतं' यावरून बरंच कळतं.

५. वजन आणि स्वभाव दोन्ही एकत्र बदलतात, असे आजार तरी कोणते?

बरेच आहेत, आणि त्यातले पुष्कळ बरे होणारे आहेत. म्हणूनच 'आता वय झालं' हे वाक्य आम्हाला सलतं.

नैराश्य हे एक अगदी नेहमीचं कारण. म्हातारी माणसं 'उदास वाटतं' असं क्वचित म्हणतात. 'तोंडाला चव नाही', 'पोट साफ नाही', 'अंगात त्राण नाही' म्हणतात. याबद्दल प्रश्न १२ मध्ये अधिक.

थायरॉइड जास्त चालणं: तरुणपणी यात घाम, थरथर, धडधड, वखवख दिसते. सत्तरीनंतर चित्र उलटं असू शकतं. माणूस मंदावतो, अबोल होतो, वजन उतरतं, नाडी अनियमित होते. घरच्यांना ते नैराश्यच वाटतं.

अल्झायमर्स: वजन उतरणं कधी कधी विस्मरण लक्षात येण्याच्याही आधी सुरू होतं. पुढे जेवल्याचं आठवत नाही, किंवा जेवलेच नाहीत हे आठवत नाही. भूक लागल्याची जाणीव बोथट होते, चव-वास कमी होतो.

क्षयरोग: म्हातारपणी संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम नसतानाही असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायलाच हवी. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी क्षयाने निकामी झाल्या तर वजन उतरतं, त्वचा काळवंडते, उभं राहिल्यावर चक्कर येते, खारट खावंसं वाटतं आणि माणूस खिन्न होतो. हे विरळ आहे, पण त्वचेच्या रंगाकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून निसटतं.

रक्तातलं कॅल्शियम वाढणं: भूक जाते, मलावरोध, तहान, सुस्ती, गोंधळ. कारण पॅराथायरॉइड (गळ्यातल्या छोट्या ग्रंथी) किंवा कर्करोग असू शकतं, आणि कधी कधी ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट. ते आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच घ्यायचं असतं. कोणी चुकून रोज घेतं, कोणी वर्षानुवर्षं. मेडिकलमधून किती पाकिटं आणली ते मोजा.

कर्करोग: सगळ्यांच्या मनात हाच असतो. पोट, आतडी, फुप्फुस, रक्त यांचे कर्करोग वजन उतरण्यातून दिसतात. साठीनंतर नव्यानेच शुगर निघाली आणि वजनही उतरतंय, तर डॉक्टरांना पोटाच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. स्वादुपिंड सोनोग्राफीत अनेकदा नीट दिसत नाही.

याशिवाय पार्किन्सन्स, हृदय किंवा मूत्रपिंड थकणं, जुना दमा आणि दारू. दारूचा प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा घरचे खाली पाहतात. कृपा करून खरं सांगा, कारण दाखल केल्यावर दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

६. आधी कोणाकडे जायचं? न्यूरोलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ?

आधी मेडिसिनचे डॉक्टर, म्हणजे फिजिशियन. ते पहिली फेरी करतील आणि गरजेप्रमाणे पुढे पाठवतील. इंदूरमध्ये खासगी दवाखाने भरपूर आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर एम. वाय. रुग्णालयात, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. सकाळी लवकर जा, सोबत दोन माणसं असू द्या: एक रांगेत, एक आई-बाबांजवळ. खुर्ची, पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा.

न्यायच्या चार गोष्टी: वजन आणि प्रसंगांचा एक पानी कागद, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी (प्रश्न ८), जुने रिपोर्ट तारखेने लावून, आणि रोज जवळ असणारं माणूस. मुलगा पुण्याहून आला म्हणून तोच बोलतो आणि रोज वाढणारी सून बाहेर बसते, असं होऊ देऊ नका.

७. पहिल्या फेरीत कोणत्या तपासण्या असतात?

साधारणपणे: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातल्या दाहाच्या खुणा), उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृताच्या तपासण्या अल्ब्युमिनसह, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, लघवीची साधी तपासणी, शौचातून न दिसणारं रक्त, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीची तपासणी सांगितली तर बिचकू नका, ती पद्धतच आहे. दुर्बीण, सीटी, एमआरआय हे पुढचं, लक्षणं पाहून.

तीन सूचना. बी१२ची सुई तपासणीच्या आधी घेऊ नका. रिपोर्ट छान येतो आणि खरी कमतरता किती होती ते कधीच कळत नाही. शाकाहारी घरात, त्यातही वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची पँटोप्राझोल घेणाऱ्यांत ही कमतरता पुष्कळ आढळते. मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा, संशय हे सगळं त्यातून येऊ शकतं. २०० पिकोग्रॅमखाली कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये शंका राहते. फक्त फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलात तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. लॅबला सांगा आणि किमान दोन दिवस आधी बंद करा.

सोडियम १३५ ते १४५ हवं. बीपीच्या ज्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं तिने, आणि एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्याच्या गोळीनेही ते उतरतं. दोन्ही सोबत, वर 'मीठ कमी' म्हणून अळणी जेवण, आणि भूक मेलेली: सुस्ती, मळमळ, भ्रम. मे महिन्यात हे प्रश्न हमखास वाढतात.

८. चालू औषधांमुळेच असं होऊ शकतं का?

हो, आणि हे कारण सापडलं तर उपायही सोपा असतो. घरातलं सगळं एका पिशवीत भरा: कपाटातलं, उशाखालचं, देवघरातलं. डोळ्यांचे थेंब, होमिओपॅथीच्या साबूदाण्या, काढे, भस्म, शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं.

भूक किंवा वजन कमी करणारी: मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, डोनेपेझिल, टोपिरामेट, सेमाग्लुटाइड. शुगरसाठी हल्ली सर्रास लिहिलं जाणारं डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, त्याने दोन-तीन किलो उतरू शकतात. जाड माणसाला ते चालतं, आधीच किडकिडीत असलेल्याला नाही.

गोंधळ किंवा चिडचिड वाढवणारी: झोपेच्या अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवी रोखण्याच्या काही गोळ्या, स्टेरॉइड. काही आयुर्वेदिक रसौषधींत शिसं किंवा पारा असतो. शिशाने पोटदुखी, मलावरोध, वजन घटणं आणि चिडचिड असं सगळं एकत्र येतं. अशी पुडी घेत असतील तर रक्तातलं शिसं तपासायला सांगा.

मनाने काहीही बंद करू नका. झोपेची गोळी आणि स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

९. आई उलट जास्तच खाते, तरी वाळत चाललीय. असं कसं?

खाणं भरपूर आणि वजन खाली, यात मुख्य संशय तिघांवर: आटोक्याबाहेरची शुगर (तहान, रात्री चार-पाचदा लघवी), जास्त चालणारं थायरॉइड, आणि अन्न अंगी न लागणं (तेलकट, तरंगणारं, फार दुर्गंधी शौच). मात्र 'जास्त खाते' हे दोन दिवस प्रत्यक्ष पाहून खात्री करा. ताट भरलेलं असतं, पण पोळी रुमालात गुंडाळून उशाखाली जाते किंवा गच्चीवर चिमण्यांना.

१०. बाबा रोज दुपारी जेवणाआधी, आणि एकादशीला तर दिवसभर, विचित्र चिडतात. मग आपोआप ठीक होतात.

ठराविक वेळी येणारा आणि खाल्ल्यावर जाणारा राग म्हणजे साखर उतरल्याची शक्यता, विशेषतः ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर. वजन उतरलं की गोळीची जुनी मात्रा आपोआप जास्त ठरते, ही साखळी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

राग आला त्या क्षणी ग्लुकोमीटर लावा. ७० पेक्षा कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवण. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा. या गोळ्यांनी उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून घ्या. चातुर्मासातला एकभुक्त नेम या औषधांसह स्वतःच्या मनाने करू नये.

११. पोळी-भाजी नको म्हणते, फक्त चहा-बिस्किट. नखरे वाटतात.

तोंड उघडून पाहा. सैल कवळी, हलणारा दात, कवळीखालची जखम, जिभेवरचा पांढरा थर. पोळी चावता येत नाही हे सांगायची लाज वाटते, म्हणून 'भूक नाही'. गिळताना ठसका, घास छातीत अडकणं, पाणी पिऊन आवाज ओला-घोगरा होणं ही वेगळी लक्षणं आहेत, त्यासाठी थांबू नका. आधी पोळी अडकायची, आता खिचडीही अडकते, असं वाढत गेलं तर दुर्बिणीची तपासणी लवकर.

१२. बाबा जाऊन सात महिने झाले. आई नीट जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. हे दुःखच नाही का?

दुःख लाटांसारखं येतं. मधल्या वेळात नातवाशी हसू येतं, आवडीच्या पदार्थाला हात जातो. नैराश्यात दिवस सगळे सारखेच. पहाटे तीन-चारला जाग येते, कशातच रस नाही, 'मी तुमच्यावर ओझं आहे' हे पालुपद होतं. दोन आठवड्यांहून अधिक असं चाललं आणि वजनही उतरतंय, तर उपचार लागतात. डॉक्टर वृद्धांसाठीची १५ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात.

'आता मला ने रे देवा' ही जुनी माणसांची बोलण्याची रीत आहे म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा: 'आई, जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने विचार डोक्यात येत नाही. उत्तर हो असेल तर एकटीला ठेवू नका, गोळ्या-कीटकनाशकं कुलपात ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, दिवसरात्र बोलता येतं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट: एकट्यासाठी कोणी वरण-भाताचा कुकर लावत नाही. जेवायला समोर माणूस असणं हाही उपचारच आहे.

१३. आई म्हणते, कामवाल्या बाईने बांगड्या चोरल्या. बाई वीस वर्षांपासूनची आहे.

आधी नेमकं शोधा: तांदळाचा डबा, गादीची खोळ, जुन्या साड्यांची घडी. विस्मरणात माणूस वस्तू जपून ठेवतो, जागा विसरतो, आणि मन ती फट चोरीने भरतं. 'तूच ठेवल्यास' असा वाद घालू नका. 'चल, मिळून शोधू' म्हणा. चष्मा आणि श्रवणयंत्र नीट आहेत का तेही पाहा. कमी ऐकू येणाऱ्याला सगळे आपल्याबद्दलच कुजबुजतात असं वाटतं.

पण प्रत्येक आरोप भ्रमच असतो असंही नाही. पासबुक एकदा तपासा.

१४. स्मरणशक्तीची चाचणी हिंदीत घेतली, आईला कमी गुण पडले. ती मराठीत विचार करते.

आक्षेप रास्त आहे. इंदूरच्या आजी बाजारात फाडफाड हिंदी बोलतात, पण महिने, नाती, मोजणी मराठीत करतात. श्रावण-भाद्रपद विचारलं तर पटकन सांगतील. चाचणी मराठीत घ्यायची विनंती करा. ते शक्य नसेल तर मराठी जाणणारं माणूस फक्त भाषांतराला बसवा. उत्तर सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. शिक्षण किती झालं हे आधी सांगा, कमी शिकलेल्यांचे गुण एरवीही कमी येतात. श्रवणयंत्र लावूनच चाचणी द्यायची. आणि नैराश्य, बी१२, थायरॉइड यांवर उपचार झाल्यानंतर ती पुन्हा घ्यायची.

१५. बाबा डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत.

'तुमचं डोकं ठीक नाही' या शब्दांनी कोणीही येणार नाही. त्यांना ज्याचा त्रास वाटतो त्या निमित्ताने न्या: गुडघा, पोट, झोप. 'वर्षाची बीपी तपासणी' चालते. डॉक्टरांना तुमचा एक पानी कागद आधी पोचवा, त्यांच्यादेखत पाढा वाचू नका. घरी येऊन रक्त नेणारी लॅब हा चांगला पहिला टप्पा. न सांगता जेवणात औषध मिसळणं टाळा. कळलं तर जेवणावरचाच विश्वास उडतो, आणि वजनाची अडचण आहेच.

१६. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता पूर्ण शरीराचं स्कॅन आणि कर्करोगाचे मार्कर करून घ्यावेत का?

आपणहून नको. ट्यूमर मार्कर इतर साध्या कारणांनीही वाढतात, आणि एका खोट्या आकड्यामागे चार तपासण्या लागतात. पूर्ण तपासणीनंतरही सुमारे चौघांत एकाचं कारण सापडत नाही. अशा वेळी तीन महिने नीट नोंद ठेवून तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करणं योग्य. गंभीर आजार असेल तर त्या मुदतीत तो बहुधा तोंड वर काढतो. दरम्यान प्रश्न ८, ११ आणि १२ पुन्हा वाचा. नॉर्मल रिपोर्टमागे बहुतेकदा तेच असतं.

१७. निदान होईपर्यंत खायला काय द्यायचं?

आधी पथ्यं सैल करा (डॉक्टरांना विचारून). पंच्याहत्तरीच्या, वाळत चाललेल्या माणसाला बिनतुपाचं, अळणी, उकडलेलं जेवण देत राहणं ही आम्हाला सतत दिसणारी चूक आहे.

प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोसाठी ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर ठरवतील. एक पेला दूध साडेसहा ग्रॅम, एक अंडं सहा, ५० ग्रॅम पनीर सुमारे नऊ, मूठभर शेंगदाणे सात, घट्ट वरणाची वाटी सहा-सात. चहा-बिस्किटात जवळजवळ काहीच नाही.

ताट भरून वाढू नका, छोट्या वाटीत सहा वेळा द्या. सकाळी भूक बरी असते, तेव्हाच मोठं जेवण. पोह्यांत शेंगदाणे आणि वर चमचाभर तूप (एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी), खिचडीत मुगाची डाळ दुप्पट, दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर. भुट्ट्याचा कीस दुधात शिजवलेला, मऊ आणि पोटभरीचा असतो, कवळी नसलेल्यांनाही खाता येतो. चव गेली असेल तर जिरावण, लिंबू, मेतकूट. पावडरीचे तयार डबे दोन जेवणांच्या मध्ये द्यायचे, जेवणाऐवजी नाही.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार अचानक कोसळून हृदयाला धोका होतो. अशा वेळी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

१८. आम्ही बाहेरगावी, ते दोघं इंदूरला. फोनवर कसं ओळखायचं?

'जेवलात का?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर असतं. 'आज भाजी कुठली केली, कोणाकडून आणली?' असं विचारा. व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरातून करायला सांगा. ओटा, फ्रिज, गॅसवरचं जळकं भांडं दिसतं. भेटीला याल तेव्हा फ्रिजमधल्या दह्याची तारीख, गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या आणि न उघडलेली टपालं पाहा. तुमच्या पुढ्यात दोन दिवस माणूस सावरून वागतो. चार दिवस राहा. शेजाऱ्यांना आणि कामवाल्या बाईंना तुमचा नंबर देऊन ठेवा. स्थानिक मदतीची माहिती ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर मिळते.

१९. खर्चाचं काय? आयुष्मान कार्ड चालतं का?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना, नोंदणी आधारवर. ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. बाहेरची तपासणी, लॅब, रोजच्या गोळ्या यांत बसत नाहीत. त्या एम. वाय. किंवा जिल्हा रुग्णालयात कमी खर्चात होतात. कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवा. आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख चुकलेली असली की ऐन वेळी अडतं.

२०. बाबा फक्त ५८ वर्षांचे. वजन वाढलंय, गोड सुटत नाही, पण माणूसच बदलला. हे वेगळं आहे का?

हो. विस्मरण फारसं नाही, पण लाज-संकोच गेला, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, तेच तेच करणं, गोडाची हाव: हे मेंदूच्या पुढच्या भागाच्या डिमेन्शियाचं रूप असू शकतं. तो बहुधा ४५ ते ६५ मध्ये दिसतो. इथे न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय लवकर. पैशाचे व्यवहार ताबडतोब सुरक्षित करा, कारण या आजारात माणूस कोणालाही सही करून देतो. मुखत्यारपत्र माणूस समजून सही करू शकतो तोवरच करता येतं, आणि समज गेल्यावर साधं मुखत्यारपत्र कायद्याने टिकत नाही. म्हणून संयुक्त खातं आणि नामनिर्देशन आधी उरकून घ्या.

२१. उपचार सुरू झाले. वजन आणि स्वभाव कधी परततात?

कारणावर अवलंबून. सोडियम सुधारलं की काही दिवसांत माणूस भानावर येतो. डेलिरियम उतरायला आठवडे, कधी महिनेही लागतात, तोवर 'आता असेच राहणार' हा निष्कर्ष काढू नका. नैराश्याच्या गोळीला चार ते सहा आठवडे, म्हातारपणी आठ-दहाही. थायरॉइडमध्ये काही आठवड्यांत वजन थांबतं, मग वाढतं. बी१२मध्ये उत्साह लवकर येतो, नसांना सहा महिने लागू शकतात आणि फार जुनं नुकसान पूर्ण भरत नाही. क्षयाचे उपचार साधारण सहा महिन्यांचे, पण औषध लागू पडत असेल तर पहिल्या दोन महिन्यांतच भूक परतते.

बहुतेक घरांत भूक आधी येते, बोलणं नंतर, आणि काटा सगळ्यात शेवटी हलतो. दोन महिने औषध नीट घेऊनही वजन खालीच जात असेल तर तोच कागद घेऊन पुन्हा जा आणि निदान नव्याने तपासायला सांगा.